चालू सर्व्हरची /डेव्ह रिकामी झाली, रीबूट न करता परत कशी भरली: एक प्रकरण

/डेव्ह म्हणजे लिनक्सवरचं ते फोल्डर, ज्यात डिस्क, टर्मिनल वगैरे डिव्हाइस फाइलसारखी दिसतात. मशीन म्हणजे उबंटू २०.०४ ची एक व्हर्च्युअल मशीन, १६ जीबी रॅम, मालक एक छोटी कंपनी. वर बिलिंगचं वेब ॲप, पोस्टग्रेस डेटाबेस, आणि कोणीतरी कधीतरी सोय म्हणून त्याच मशीनवर डेबूटस्ट्रॅपने एक सीएचरूट, म्हणजे एका फोल्डरात मांडलेली वेगळी छोटी सिस्टिम, काढून ठेवलेलं, त्यात त्यांचं स्वतःचं पॅकेज बिल्ड व्हायचं. बिल्ड वेगळ्या मशीनवर हवं होतं हे उघड आहे पण छोट्या ठिकाणी एक मशीन म्हणजे सगळं काही असतं, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

बिल्डची स्क्रिप्ट आधी होस्टची /डेव्ह त्या सीएचरूटमध्ये माउंट --बाइंड करायची, म्हणजे तीच डिरेक्टरी तिथेही दिसेल अशी जोडायची, बिल्ड झालं की यूमाउंट करून ती जोड काढायची, आणि मग अख्खं फोल्डर आरएम -आरएफने न विचारता पुसायची. वर्षभर हे नीट चाललं. त्या दिवशी बिल्डच्या आत पॅकेजवर सही करायला जीपीजी-एजंट सुरू झाला आणि बिल्ड संपल्यावरही तसाच बसून राहिला, त्याने सीएचरूटच्या आतली /डेव्ह/नल (लिहिलेलं सगळं गिळून टाकणारं डिव्हाइस) उघडी धरलेली, म्हणून यूमाउंट म्हणालं टार्गेट इज बिझी. स्क्रिप्टमध्ये सेट -ई, म्हणजे एक कमांड फसली की तिथेच थांब, हे नव्हतं. पुढची ओळ आरएम -आरएफ, ती चालली.

आता बाइंड माउंट म्हणजे कॉपी नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण /डेव्हच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो ते असं अंगावर येईपर्यंत डोक्यात शिरत नाही. सीएचरूटमधली डेव्ह आणि होस्टची /डेव्ह ही एकच डेव्हटीएमपीएफएस (कर्नलने /डेव्हसाठी ठेवलेली फाइलसिस्टिम), एकच जागा, दोन रस्ते. एका रस्त्याने जाऊन पुसलं की दुसऱ्या रस्त्याने बघणाऱ्यालाही रिकामंच दिसणार. नल, झीरो, यूरँडम, टीटीवाय, पीटीएमएक्स, डिस्क व्हीडीए, तिचं पार्टिशन व्हीडीए१, सगळं साफ.

तिथला ॲडमिन पोरगा हुशार, फोनवर पहिलंच वाक्य, "सर, /डेव्हमध्ये फक्त चारच फोल्डर उरलेत, पीटीएस, एसएचएम, एमक्यू आणि ह्यूजपेजेस." हे चारच का उरले ते सोपं आहे. ह्या चारही ठिकाणी होस्टवर वेगळी फाइलसिस्टिम माउंट झालेली असते, आणि ज्या डिरेक्टरीवर त्याच नेमस्पेसमध्ये काही माउंट आहे ती कर्नल काढूच देत नाही, डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी असं म्हणून सोडून देतो. आरएमच्या आउटपुटमध्ये नेमक्या ह्याच चार तक्रारी होत्या, आणि त्या वाचूनच त्याला कळलं की आपण भलतीकडे पोचलोय.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. हे रूटचं टर्मिनल काही झालं तरी बंद करू नकोस, आणि टॅब दाबू नकोस.

टर्मिनलचं कारण लगेच कळण्यासारखं आहे. उघडं असलेलं सेशन चालूच राहतं कारण त्याने /डेव्ह/पीटीएस/० आधीच उघडलेलं असतं, पण नवीन एसएसएच लॉगिनला सुरुवातीलाच /डेव्ह/नल लागते आणि ती नसली की एसएसएचडी कनेक्शन तोडून मोकळा. म्हणजे हातात असलेली ही एकच खिडकी. टॅबचं कारण जरा मजेशीर. बॅशचं कंप्लिशन आतल्या आत बऱ्याच कमांड चालवतं आणि त्यांचा एरर २>/डेव्ह/नल असा फेकत असतं, आता तुम्ही रूट आहात, /डेव्हमध्ये लिहायची परवानगी आहे, नल नावाचं काही तिथे नाहीये, मग शेल काय करणार, त्या नावाची साधी फाइल बनवणार. डिव्हाइस नाही, साधी टेक्स्ट फाइलसारखी फाइल, आणि मग मशीनवरचा जो जो कचरा नलमध्ये जायचा तो तिथे साठायला लागतो.

टॅब टाळला तरी ठरलेल्या वेळी कमांड चालवणारा क्रॉन कोण थांबवणार. रूटच्या क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांची एक ओळ होती, शेवटी > /डेव्ह/नल २>&१ लिहिलेली, ती चालली आणि नल तयार झाली. एलएस -एलमध्ये ही खोटी नल ओळखायची खूण पक्की आहे, ओळीचं पहिलं अक्षर सी असायला हवं तिथे नुसती आडवी रेघ, आणि जिथे साइझच्या जागी १, ३ असे दोन आकडे स्वल्पविरामाने दिसतात तिथे बाइट्समधला खराखुरा साइझ, तोही दर वेळी बघाल तेव्हा बदललेला.

ह्याच क्षणापासून लक्षणं बदलली आणि इथेच बरेच लोक चकतात. आधी नल नुसती उघडू बघणाऱ्या प्रोग्रॅमना नो सच फाइल मिळत होतं, आता नॉर्मल यूजरला परमिशन डिनाइड, कारण रूटने बनवलेली साधी फाइल ६४४ ची, म्हणजे लिहायची परवानगी फक्त मालकाला. रूटला सगळं ठीक दिसतं. एसएसएच आता जोडलं जात होतं पण पीटीवाय ॲलोकेशन रिक्वेस्ट फेल्ड म्हणून नुसतंच लटकत होतं, कारण नवीन टर्मिनल जिथून मिळतं ते पीटीएमएक्स नाही. सुडो पासवर्ड विचारू शकत नव्हता कारण तो विचारतो /डेव्ह/टीटीवायवर. आणि ऑफिसात खरी बोंब कशावरून झाली तर बिलांच्या पीडीएफ कोऱ्या येत होत्या. वेब ॲप पीडीएफ बनवायला घोस्टस्क्रिप्टला शेलमधून हाक मारायचं आणि शेवटी २>/डेव्ह/नल लावायचं, रीडायरेक्ट फसला की शेल ती कमांड चालवतच नाही, ॲपला काहीच मिळत नाही, आणि ॲप काहीच न मिळाल्याचं पीडीएफ पुढे पाठवून देतं. पोस्टग्रेस मात्र ढिम्म चालू. त्याने लागणाऱ्या सगळ्या फाइल्स कधीच्याच उघडून ठेवलेल्या, त्याला /डेव्हमध्ये काय उरलं ह्याचं सोयरसुतक नव्हतं.

रीबूट का नाही, हा प्रश्न येणारच. रीबूट केलं असतं तर डेव्हटीएमपीएफएस नव्याने भरली असती आणि प्रश्न तिथेच संपला असता, हे खरंय. पण महिनाअखेर, सकाळपासून एक लांबलचक बॅच चालू होती जी मध्ये तोडली तर पहिल्यापासून, आणि ती मशीन किती महिने रीबूट झाली नव्हती ते कोणालाच सांगता येईना. अशा मशीनला भर दुपारी रीबूट मारणं मला तरी झेपत नाही.

आता मूळ मुद्दा. डिव्हाइस फाइल म्हणजे डिव्हाइस नव्हे. ती नुसती एक पाटी असते, कॅरॅक्टर का ब्लॉक, मेजर नंबर (कुठला ड्रायव्हर), मायनर नंबर (त्याचं कुठलं डिव्हाइस), मालक आणि परवानग्या, एवढंच त्यावर लिहिलेलं. पाटी काढली म्हणून दुकान बंद होत नाही. कर्नलच्या आत मेमरी ड्रायव्हर जागच्या जागी असतो, डिस्क जागच्या जागी असते, फक्त तिथवर जायचं नाव गेलेलं असतं. त्यामुळे काम एवढंच की प्रत्येक पाटीवर काय लिहायचं ते शोधा आणि एमकेनॉड ह्या कमांडने लिहा.

काही आकडे कायमचे ठरलेले आहेत, कुठल्याही लिनक्सवर तेच. नल १ ३, झीरो १ ५, फुल १ ७, रँडम १ ८, यूरँडम १ ९, टीटीवाय ५ ०, कन्सोल ५ १, पीटीएमएक्स ५ २. ह्यातले नल, झीरो, फुल, रँडम, यूरँडम, टीटीवाय आणि पीटीएमएक्स ६६६ चे, कन्सोल ६०० चा. टीटीवाय आणि पीटीएमएक्सचा ग्रुप टीटीवाय.

सगळ्यात आधी नल, आणि ती करायची पद्धत महत्त्वाची. बरेच जण आधी आरएम /डेव्ह/नल करतात आणि मग एमकेनॉड. ह्या दोन कमांडच्या मधल्या क्षणात रूटचा दुसरा कुठलाही प्रोसेस नलवर लिहायला आला की साधी फाइल पुन्हा हजर आणि एमकेनॉड म्हणतो फाइल एक्झिस्ट्स. चालू मशीनवर हे होतंच. त्यापेक्षा दुसऱ्या नावाने बनवा आणि वरून सरकवा:

एमकेनॉड -एम ६६६ /डेव्ह/नल.नवी सी १ ३
एमव्ही -एफ /डेव्ह/नल.नवी /डेव्ह/नल

एकाच फाइलसिस्टिमवरचं रीनेम अखंड असतं, मध्ये फट राहत नाही. -एम द्यायचाच, कारण तो न देता केलं तर यूमास्क (नव्या फाइलच्या परवानग्या कापणारी सेटिंग) मध्ये येतो, ६४४ ची नल बनते आणि मग रूटला सगळं ठीक, बाकीच्यांना परमिशन डिनाइड, म्हणजे गाडं पुन्हा तिथेच.

मग पीटीएमएक्स आणि टीटीवाय, दोन्हीला सीएचओन रूट:टीटीवाय. पीटीएमएक्स झाल्या झाल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएच करून बघितलं, प्रॉम्प्ट आला. आता दोन खिडक्या, जीवात जीव. मग झीरो, फुल, दोन्ही रँडम, कन्सोल.

सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइल्स, विसरायच्या नाहीत, त्यांना मेजर-मायनर नसतात म्हणून त्या नेहमी यादीतून सुटतात. /डेव्ह/एफडी ही /प्रॉक/सेल्फ/एफडीकडे, स्टडइन, स्टडआउट, स्टडएरर अनुक्रमे त्याच्यातल्या ०, १, २ कडे. एफडी नसेल तर बॅशमधलं प्रोसेस सब्स्टिट्यूशन /डेव्ह/एफडी/६३ सापडत नाही असं काहीतरी अगम्य बोलतं. आणि /डेव्ह/लॉग, ही /रन/सिस्टमडी/जर्नल/डेव्ह-लॉगकडे जाणारी सिमलिंक असते, ती गेली की सिसलॉगवर लिहिणारे सगळे प्रोग्रॅम गुपचूप मुके होतात, एरर नाही काही नाही, नुसते लॉग येत नाहीत. ह्या मशीनवर जवळजवळ तासभराचे लॉग त्यामुळे मिळालेच नाहीत.

इथपर्यंत झाल्यावर लोकांची बिलं निघायला लागली होती. पण डिस्कची नावं बाकी होती, आणि खरी गोम तिथे आहे.

त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी मदत म्हणून दुसऱ्या सर्व्हरच्या एलएस -एल /डेव्हचं आउटपुट टाकलं, हे घ्या, ह्यावरून बनवा. त्यात व्हीडीएचा मेजर २५३ होता. ह्या मशीनवर तो २५२. एससीएसआय डिस्क असती तर हरकत नव्हती, एसडीए ८ ०, एसडीए१ ८ १, एसडीबी ८ १६, ते ठरलेलं आहे. पण व्हर्टआयओ ब्लॉक (व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचा ड्रायव्हर), डिव्हाइस मॅपर (एलव्हीएम ज्यावर चालतं तो) ह्यांना कर्नल चालू होताना मेजर वाटतो, ब्लॉक डिव्हाइसना २५४ पासून खाली जो मोकळा असेल तो, म्हणजे कुठला ड्रायव्हर आधी आला त्यावर आकडा ठरतो. दुसऱ्या मशीनचा आकडा उचलून इथे व्हीडीए बनवली असती तर एमकेनॉडने हूं की चूं केलं नसतं, तो कधीच तपासत नाही की ह्या नंबरामागे कोण आहे. नाव व्हीडीए आणि मागे एखादा एलव्हीएम व्हॉल्यूम असलेली मशीन, त्यावर कोणी उद्या बूटलोडर लिहायला ग्रब-इन्स्टॉल मारला तर काय होईल ते बोलायला नको.

त्यामुळे आकडे दुसरीकडून आणायचेच नाहीत. त्याच मशीनचा कर्नल सांगतो. कर्नल आपली माहिती /सिसमध्ये, सिसएफएस ह्या फाइलसिस्टिममधून, दाखवतो. /सिसवर कोणी हात टाकला नव्हता, आणि टाकला असता तरी सिसएफएस असं पुसू देत नाही. कॅट /सिस/क्लास/ब्लॉक/व्हीडीए१/डेव्ह केलं की २५२:१ असं सरळ उत्तर मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे /सिस/डेव्ह/कॅर आणि /सिस/डेव्ह/ब्लॉक ह्या दोन डिरेक्टऱ्या, त्यात कर्नलला माहीत असलेला प्रत्येक नंबर, आणि प्रत्येकाच्या आत यूइव्हेंट नावाची छोटी फाइल. नलची उघडली तर चार ओळी, मेजर=१, मायनर=३, डेव्हनेम=नल, डेव्हमोड=०६६६. म्हणजे पाटीवर लिहायचा अख्खा मजकूर आयता.

मग एक छोटा लूप लिहिला, दोन्ही डिरेक्टऱ्यांतली प्रत्येक यूइव्हेंट वाचायची, नाव, आकडे आणि मोड काढायचा, मोड दिलेला नसेल तर ६००, नावात स्लॅश असेल, म्हणजे इनपुट/इव्हेंट० किंवा मॅपर/कंट्रोलसारखं, तर आधी एमकेडिर -पी, तिथे आधीच काही असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर एमकेनॉड. पोराचं पहिलं व्हर्जन त्या फाइल्स शेलमध्ये सरळ सोर्स करत होतं, दिसायला सुटसुटीत, पण पार्टिशनच्या यूइव्हेंटमध्ये पार्टनेम नावाची ओळ असते आणि तिच्या किमतीत स्पेस असू शकते, कोट नसतात, मग शेल त्या स्पेसनंतरचा शब्द कमांड म्हणून चालवायला जातो. रूट म्हणून पार्टिशनचं नाव एक्झिक्यूट करणं हा प्रकार मला नको होता, म्हणून ग्रेप आणि कट वापरून फक्त चार ओळी उचलल्या. लूप क्षणात संपला, दीडदोनशे नोड बनले, त्यातले बहुतेक टीटीवाय, व्हीसीएस आणि लूपचे, ज्यांची कोणाला गरज नव्हती पण असू देत.

आता प्रश्न असा येतो की एवढा खटाटोप कशाला, /डेव्ह सांभाळणाऱ्या यूडेव्हला सगळी डिव्हाइस पुन्हा बघायला लावणारा यूडेव्हॲडम ट्रिगर का नाही मारला? मारला होता, पोराने मला फोन करायच्या आधीच, आणि काहीच झालं नाही म्हणून तो घाबरला होता. पूर्वी यूडेव्ह स्वतः नोड बनवायचा. त्याच्याही आधी मेकडेव्ह नावाची स्क्रिप्ट असायची आणि /डेव्हमध्ये असलेल्या-नसलेल्या हार्डवेअरच्या हजारो पाट्या डिस्कवर कायमच्या पडून असायच्या, मग डेव्हएफएस आलं आणि गेलं, २००३ मध्ये यूडेव्ह आला. २००९ च्या २.६.३२ कर्नलपासून डेव्हटीएमपीएफएस आली आणि नोड बनवायचं काम कर्नलकडे गेलं, २०१२ नंतरचा यूडेव्ह फक्त मालक, ग्रुप, परवानग्या आणि सिमलिंक सांभाळतो. आणि कर्नल नोड बनवतो कधी, तर डिव्हाइस नव्याने नोंदवलं जातं तेव्हा. तुम्ही मध्येच पुसलंत तर तो परत बघायला येत नाही. नेटवर आजही जुनी उत्तरं फिरतात, ट्रिगर करा सगळं येईल, ती जुन्या काळासाठी बरोबर होती.

दुसरी सुचवणी होती की डेव्हटीएमपीएफएस दुसरीकडे नव्याने माउंट करू आणि तिथून कॉपी करू. करून दाखवलं. तीच रिकामी डिरेक्टरी दिसली, कारण कर्नलमध्ये ही एकच असते, कितीही ठिकाणी माउंट करा.

लूपनंतर मात्र ट्रिगर हवाच. यूडेव्हॲडम ट्रिगर, मग यूडेव्हॲडम सेटल, आणि व्हीडीए१ चा ग्रुप डिस्क झाला, मोड ६६०, /डेव्ह/डिस्क/बाय-यूयूआयडी परत उभी राहिली, एफएसटॅबमधले (काय कुठे माउंट करायचं त्या यादीतले) यूयूआयडी जुळले. ह्या मशीनवर एलव्हीएम नव्हतं, असतं तर व्हीजीएमकेनोड्स पण चालवला असता. लोड न झालेल्या मॉड्यूलचे नोड सिसएफएसमध्ये दिसत नाहीत, त्यांच्यासाठी सिस्टमडी-टेम्पफाइल्स-सेटअप-डेव्ह ही सर्व्हिस रीस्टार्ट केली.

संपलं असं वाटत असताना डीएफ -एच बघितलं. यूडेव्ह म्हणून जी ओळ असते, जी आयुष्यात कोणी वाचत नाही, ७.८ जीबी साइझ आणि युज्ड नेहमी शून्य, तिथे युज्ड २.१ जीबी. नल दुरुस्त, डेव्हमध्ये एकही मोठी फाइल नाही, तरी दोन जीबी आणि वाढतंय. आणि डेव्हटीएमपीएफएस म्हणजे रॅम.

झालं असं की खोटी नल अस्तित्वात होती त्या मधल्या वेळात क्रॉनने एक क्यू वर्कर सुरू केला, त्याचं आउटपुट नलवर वळवलेलं, आणि त्यात कोणीतरी डीबग चालू ठेवलेला. त्याने उघडली ती साधी फाइल. आपण वरून खरी नल सरकवली, नाव बदललं, पण त्याच्या हातात जुनीच फाइल, नाव गेलेली पण जागा व्यापून बसलेली. नाव गेलेल्या पण उघड्या फाइल्स दाखवणारं एलएसओएफ +एल१ मारलं तर /डेव्ह/नल डिलीटेड अशा ओळींची ही मोठी यादी, बघून धडकी भरेल. पण टाइपचा कॉलम बघायचा. सीएचआर लिहिलंय ते सगळे निर्धोक, त्यांनी घटनेच्या आधी खरी नल उघडली होती, नाव गेलं तरी मागे ड्रायव्हर तोच. आरईजी लिहिलंय ते गुन्हेगार. आरईजीवाले दोनच निघाले, हा वर्कर आणि एक मॉनिटरिंगचा एजंट, दोन्ही रीस्टार्ट केले आणि डीएफमधली ओळ शून्यावर आली. काही नवीन डिस्ट्रोंवर सिस्टमडी /डेव्हला फक्त ४ एमबी देतो, तिथे हेच प्रकरण रॅम खाण्याऐवजी थोड्याच वेळात नो स्पेस लेफ्ट म्हणून ओरडलं असतं, आणि खरं तर ते बरं.

स्क्रिप्टमध्ये वर सेट -ई टाकलं, बिल्ड संपल्यावर सीएचरूटमधले उरलेले प्रोसेस मारायची ओळ टाकली, आणि आरएमला --वन-फाइल-सिस्टम लावलं, म्हणजे बाइंड चुकून राहिलं तरी तो माउंटच्या आत शिरत नाही. होस्टची /डेव्ह बाइंड करणंच बंद केलं ते वेगळं. त्याची गरजच नव्हती, डेबूटस्ट्रॅप नल, झीरो, टीटीवाय वगैरे मोजके नोड स्वतः एमकेनॉड करून ठेवतो आणि पॅकेज बिल्ड करायला तेवढे भरपूर. फक्त ते फोल्डर नोडेव्ह लावलेल्या पार्टिशनवर नको, तिथे नोड बनतात पण उघडत नाहीत, परमिशन डिनाइड.

आठवड्याच्या सुट्टीत मशीन ठरवून रीबूट केली. त्याआधी एलएस -एलआर /डेव्हची लिस्ट काढून ठेवली होती, नंतरची काढून तारखा गाळून डिफ लावला. पीटीएसचे आकडे सोडले तर एकच खरा फरक निघाला, व्हीहोस्ट-नेटचा ग्रुप आपल्याकडे रूट होता, बूटनंतर केव्हीएम, मोडही ६०० चा ६६० झालेला, कारण अशा न लोड झालेल्या मॉड्यूलच्या नोडवरच्या परवानग्या यूडेव्ह फक्त स्वतः सुरू होताना लावतो आणि आपण त्याला रीस्टार्ट केलं नव्हतं. त्या मशीनवर ते कोणी वापरत नाही, पण व्हर्च्युअलायझेशनचा होस्ट असेल तर टेम्पफाइल्सच्या सर्व्हिसनंतर सिस्टमडी-यूडेव्हडीही रीस्टार्ट करा.